गदिमा–बाबूजी नव्याने ऐकणाऱ्यांसाठी: कुठून सुरुवात करायची?

आमच्या सोसायटीच्या वाचनालयात महिन्यातल्या एका रविवारी आम्ही दहा-बारा जण जमतो आणि जुनी मराठी गाणी ऐकतो. गेल्या काही दिवसांत त्यात तिशीच्या आतली मंडळीही यायला लागली आहेत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "काकू, गदिमा आणि बाबूजी नीट ऐकायचेत. पण इतकी गाणी आहेत, सुरुवात कुठून करू?" गदिमा म्हणजे गीतकार ग. दि. माडगूळकर आणि बाबूजी म्हणजे गायक-संगीतकार सुधीर फडके. प्रत्येकाला तेच तेच सांगून माझा घसा बसला, म्हणून हे एकदा लिहून काढलं.

एक महिना पुरतो. रोज अर्धा तास, फार नाही. सामान म्हणाल तर फोन, बऱ्यापैकी हेडफोन, एक वही, पेन्सिल आणि ज्या दिवशी जे गाणं ऐकायचं त्याचे शब्द कागदावर. फोनच्या पडद्यावर नकोत, कागदावरच हवेत. कागदावर खुणा करता येतात, आणि पुढची निम्मी कामं त्या खुणांवरच आहेत.

पहिली पायरी: दोघं कोण, ते आधी समजून घ्या

ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके एकाच वर्षातले. बाबूजींचा जन्म २५ जुलै १९१९ चा, कोल्हापूरचा. गदिमांचा १ ऑक्टोबर १९१९ चा, आताच्या सांगली जिल्ह्यातल्या शेटफळ्याचा. बाबूजींचं खरं नाव राम. पुढे या रामानेच गीतरामायणाला चाली लावल्या, हा योगायोग कुणी ना कुणी तुम्हाला सांगेलच. तेव्हा आधीच ऐकून ठेवा.

गदिमा चित्रपटात आले ते नट म्हणून. १९३८ च्या 'ब्रह्मचारी'त त्यांनी छोटं काम केलं. पुढे गीतं, कथा, पटकथा, संवाद असं सगळंच लिहू लागले. शांतारामबापूंच्या 'दो आँखें बारह हाथ'ची कथाही त्यांचीच. बाबूजी गायक आधी, संगीतकार नंतर. प्रभातच्या 'गोकुळ'पासून (१९४६) त्यांचं चित्रपट-संगीत सुरू झालं. दोघांच्या मध्ये बऱ्याचदा तिसरा माणूस असे, दिग्दर्शक राजा परांजपे. गदिमांची कथा, राजाभाऊंचं दिग्दर्शन आणि बाबूजींची चाल असे ते चित्रपट.

एवढं चरित्र सध्या पुरे. त्यातली एक गोष्ट मात्र वहीच्या पहिल्या पानावर लिहा: शब्द लिहिणारा माणूस पटकथाकार होता आणि चाल लावणारा गायक होता. म्हणून यांच्या गाण्यात कोण बोलतंय, कुणाशी आणि कुठल्या प्रसंगात, हे शब्दांत आधीच पक्कं असतं. आणि चाल ते शब्द झाकत नाही. या जोडीत मला जे काही सापडलं ते सगळं या एका वाक्यातून निघतं.

कुणी रंगभूमीचं विचारलं तर सरळ सांगते. गदिमांनी नाटकं लिहिली आहेत, पण या जोडीचं खरं घर चित्रपट आणि आकाशवाणी. नाट्यगीतांसाठी आला असाल तर 'मत्स्यगंधा' आणि 'ययाति आणि देवयानी'कडे, म्हणजे जितेंद्र अभिषेकींकडे जा. तो वेगळा महिना.

दुसरी पायरी: यादी निवडा, तांदूळ निवडतात तशी

पहिल्याच वर्षी मी आमच्या बैठकीत 'इंद्रायणी काठी' लावलं आणि मोठ्या थाटात सांगितलं, "आता गदिमा-बाबूजींचं एक अजरामर गीत." मागच्या खुर्चीवरचे एक आजोबा अगदी हळू म्हणाले, "चाल पुलंची आहे हो, ताई." हळू म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू आलं.

तेव्हापासून मी प्रत्येक गाण्यापुढे तीन नावं लिहिते: शब्द, चाल, गळा. तुम्हीही लिहा. फोनवर तयार मिळणाऱ्या याद्यांत खूप खडे असतात. तीन प्रकार ओळखून ठेवले की पुरे.

पहिला प्रकार, शब्द गदिमांचे पण चाल दुसऱ्याची. 'इंद्रायणी काठी' आणि 'नाच रे मोरा' ही दोन्ही १९५३ ची आणि दोन्हींची चाल पु. ल. देशपांड्यांची. 'बुगडी माझी सांडली गं' वसंत पवारांचं, 'सांगत्ये ऐका'तलं (१९५९). 'गीतगोपाल' हे नाव गीतरामायणाच्या शेजारी दिसतं म्हणून तेही बाबूजींचं वाटतं, पण ते सी. रामचंद्रांचं.

दुसरा प्रकार, चाल बाबूजींची पण शब्द दुसऱ्याचे. 'तोच चंद्रमा नभात' शांता शेळक्यांचं. 'देहाची तिजोरी' जगदीश खेबुडकरांचं. हे तर दर वेळी कुणी तरी गदिमांच्या नावावर घालतंच. हिंदीतलं 'ज्योति कलश छलके' पंडित नरेंद्र शर्मांचं.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा: फक्त गळा बाबूजींचा. 'सखी मंद झाल्या तारका'चे शब्द सुधीर मोघ्यांचे आणि चाल राम फाटकांची.

ही गाणी टाकून द्यायची नाहीत, वहीच्या मागच्या पानांवर ठेवायची. जोडीचा स्वभाव कळला की ती पुन्हा ऐका. तेव्हा फरक आपोआप कानाला लागतो.

तिसरी पायरी: सात गाणी, सात दिवस

शंभर गाण्यांची यादी करू नका, सात घ्या. मी देते ती अशी: 'वेदमंत्राहून आम्हां वंद्य वंदे मातरम्' (१९४८), 'लाखाची गोष्ट'मधलं 'त्या तिथे पलीकडे' (१९५२), 'जगाच्या पाठीवर'मधली दोन, 'एक धागा सुखाचा' आणि 'बाई मी विकत घेतला श्याम' (१९६०), 'सुवासिनी'तलं 'जिवलगा कधी रे येशील तू' (१९६१), 'प्रपंच'मधलं 'फिरत्या चाकावरती' (तेही १९६१) आणि 'मुंबईचा जावई'तलं 'का रे दुरावा' (१९७०). बावीस वर्षांचा पट झाला. देशभक्ती, प्रेम, विरह, भक्ती आणि रुसवा, सगळं त्यात आहे.

रोज एकच गाणं. दोनदा ऐकायचं, दोन्ही वेळा दुसरं काही न करता. भाजी चिरताना ऐकलेलं धरायचं नाही.

चौथी पायरी: गाणं लावण्याआधी शब्द मोठ्याने वाचा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. नव्या माणसाला ही पायरी कंटाळवाणी वाटते, म्हणून तो ती गाळतो आणि मग म्हणतो, "छान आहेत गाणी, पण जरा संथ आहेत."

'एक धागा सुखाचा' घ्या. सुख एक धागा, दुःखं शंभर, आणि त्यांतून विणलेलं आयुष्याचं जरतारी वस्त्र, ही कल्पना ध्रुवपदातच येते. एखादा लेखक तेवढ्यावर थांबला असता आणि अंतऱ्यात तेच फिरवून सांगत बसला असता. गदिमा पहिल्या अंतऱ्यात म्हणतात की माणूस येतो उघडा, जातो उघडा, आणि मधे कपड्यासाठी तीन प्रवेशांचं नाटक करतो. पेन्सिलीने 'तीन'भोवती गोल करा. आता दुसरा अंतरा वाचा. बालपणाची अंगडी, तारुण्याची वसनं, वार्धक्याची शाल. मोजा: बरोबर तीन. आधी आकडा सांगितला आणि पुढच्या कडव्यात तो चुकता केला. हे पटकथाकाराचं डोकं.

आणखी जवळून पाहा. 'अंगडी' हा घरातला, आजीच्या तोंडचा शब्द. 'वसने' संस्कृतातला, नटलेला. 'जीर्ण शाल' म्हटल्यावर रंग गेलाच. म्हणजे वय बदलतं तसा शब्दाचा पोतही बदलतो. अंगड्याला विशेषण काय लावलंय? 'मुकी'. बोलता न येणाऱ्या बाळाचा मुकेपणा कपड्याला चिकटवून दिला. मी हे गाणं लहानपणापासून ऐकत होते, पण हा एक शब्द मला चाळिशीत दिसला, तोही केवळ कागद हातात होता म्हणून.

मग 'बाई मी विकत घेतला श्याम' वाचा आणि बाजारातले शब्द अधोरेखित करा. कवडी, दमडी, दाम, विकत, मोजणं, मालक. सगळी भाषा दुकानाची, आणि विषय पांडुरंगाइतकाच मोलाचा. मीरेच्या एका पदातही गोविंदाला मोलाने घेतल्याचं आहे; गदिमांना ती परंपरा ठाऊक होती, पण हिशेब त्यांनी मराठी घरातल्या बाईच्या तोंडी दिला. 'बाई' या एका शब्दाने ती शेजारणीला सांगतेय हे कळतं. तो शब्द काढून वाचून पाहा. गाणं लगेच देवळात जाऊन बसतं. शेजारणींच्या गप्पांतली मजा जाते.

वाचताना अडलेला प्रत्येक शब्द शब्दकोशात पाहायची गरज नाही. तीनपेक्षा जास्त अडले तरच उठा.

पाचवी पायरी: आता चाल ऐका, पण शब्दाच्या मागोमाग

वाचताना जिथे तुम्ही आपोआप थांबलात तिथे कागदावर उभी रेघ मारा. मग गाणं लावा आणि गायक कुठे थांबतो ते पाहा. बाबूजींच्या चालीत तुमच्या रेघा आणि त्यांच्या जागा बहुतेक ठिकाणी जुळतील. शब्द मधेच तोडून श्वास घेतलाय असं क्वचितच सापडेल. ज्याला स्वतःला गायचंय तोच अशा चाली बांधतो.

'जिवलगा कधी रे येशील तू' ऐकताना अंतऱ्यांकडे लक्ष ठेवा. आशा भोसल्यांचं हे गाणं एका वाट पाहणाऱ्या बाईचं आहे, आणि तिची वाट ऋतूंनी मोजली जाते. पाऊस जातो, शरद जातो, हेमंत, शिशिर, पुन्हा वसंत. ऋतू बदलला की चालही कूस बदलते. ध्रुवपद मात्र परत त्याच जागी येतं, कारण तिची वाट काही संपलेली नाही. बाबूजींनी इथे सगळ्या अंतऱ्यांना एकच चाल लावली असती तरी गाणं गोडच झालं असतं, फक्त वर्ष सरल्यासारखं वाटलं नसतं.

सात गाणी झाली की एक आठवं जोडा, 'कानडा राजा पंढरीचा'. त्यात बाबूजी आणि वसंतराव देशपांडे एकत्र गातात. एकदा फक्त बाबूजींच्या ओळी ऐका, एकदा फक्त वसंतरावांच्या. बाबूजी शब्द सरळ हातात ठेवतात. वसंतराव तोच शब्द उचलतात आणि घेऊन उडतात. कोण मोठा, हा वाद आमच्याकडे दर वेळी होतो आणि चहा येईपर्यंत चालतो. तुम्ही त्यात पडू नका. भावगीतात गळ्याने किती मोकळं व्हायचं आणि किती आवरायचं, हे तीन-चार मिनिटांत कळायला दुसरं इतकं चांगलं उदाहरण माझ्या माहितीत नाही. 'कानडा' या शब्दापाशीही जरा थांबा. ज्ञानेश्वरांनी विठ्ठलाला कानडा म्हटलं, त्याची ही आठवण आहे.

सहावी पायरी: निदान एक चित्रपट पाहा

'फिरत्या चाकावरती' सगळे भक्तिगीत म्हणून ऐकतात. एकादशीला लागतं, कीर्तनात म्हणतात. त्यात चूक काही नाही. पण 'प्रपंच' ही कुंभाराच्या घराची गोष्ट आहे. गरिबी, आणि घरात खाणारी तोंडं वाढत चाललेली. हे कळल्यावर पुन्हा ऐका. देवाला कुंभार म्हणणं ही संतांपासून चालत आलेली उपमा, पण इथे ती कुंभाराच्याच घरात उभी आहे. चाक, माती, घटांची उतरंड हे सगळं त्याच्या अंगणातलं. एका मडक्याच्या तोंडी लोणी पडतं आणि दुसऱ्याच्या तोंडी अंगार, ही तक्रार तत्त्वज्ञान म्हणून केलेली नाही. ज्याच्या घरात लोणी नाही त्याची ती आहे. शेवटी डोळे देऊन त्यांच्यापुढे अंधार ठेवणाऱ्या देवाला जाब विचारलाय. मला तर हे भक्तिगीत कमी आणि भांडण जास्त वाटतं, आणि विठ्ठलाशी भांडायचा हक्क मराठी माणसाने कधीच सोडलेला नाही.

'प्रपंच' जड वाटत असेल तर 'लाखाची गोष्ट' पाहा. महिन्याभरात लाख रुपये उडवायची पैज, हसून पुरेवाट. गाणी सुरू झाली की उठून पाणी प्यायला जाऊ नका, एवढंच.

सातवी पायरी: गीतरामायण, पण छपन्न एकदम नाही

आता दोन आठवडे राहिले. ते गीतरामायणाला द्या.

१९५५ च्या रामनवमीला, १ एप्रिलला, पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत प्रसारित झालं. कल्पना आकाशवाणीवरच्या सीताकांत लाडांची. दर आठवड्याला नवं गीत, असं वर्षभर. त्या वर्षी अधिक महिना आला, म्हणून बावन्नऐवजी छपन्न गीतं झाली आणि १९५६ च्या रामनवमीला मालिका संपली. आठवड्याला एक, म्हणजे लिहायचं, चाल बांधायची, गायक ठरवायचा, तालीम करायची आणि ध्वनिमुद्रण करायचं, की लगेच पुढचं गीत हजर. असं सांगतात की पहिल्याच गीताचा कागद ऐन वेळी सापडेना, दोघांत जुंपली, आणि शेवटी गदिमांना एका खोलीत बसवून बाहेरून कडी लावली, तेव्हा गीत पुन्हा लिहून झालं. पंधरा मिनिटांत झालं म्हणतात. मिनिटं मोजायला मी तिथे नव्हते, पण छपन्न आठवडे ज्याने खंड पडू दिला नाही त्याच्या बाबतीत अशक्य वाटत नाही.

नव्या माणसाचा इथे एक घोळ होतो. आज सहज मिळतं ते बहुतेक बाबूजींच्या एकट्याच्या आवाजातलं गीतरामायण. आकाशवाणीवर मूळ प्रसारण झालं तेव्हा गायक अनेक होते: माणिक वर्मा, ललिता फडके, वसंतराव देशपांडे आणि आणखी कितीतरी. रामाची गीतं बाबूजींकडे होती. तेव्हा कौसल्येचं किंवा शूर्पणखेचं गीत पुरुषाच्या आवाजात ऐकून गोंधळू नका. तो नंतरचा, एकट्याने मंचावर सादर करण्याचा प्रकार आहे, आणि महाराष्ट्राने गीतरामायण खरं डोक्यावर घेतलं ते त्या मंचावरच.

ही दहा गीतं याच क्रमाने ऐका: 'स्वये श्रीरामप्रभू ऐकती', 'दशरथा घे हे पायसदान', 'राम जन्मला ग सखी', 'ज्येष्ठ तुझा पुत्र मला', 'आज मी शापमुक्त जाहले', 'माता न तू वैरिणी', 'पराधीन आहे जगती', 'कोण तू कुठला राजकुमार', 'सेतू बांधा रे सागरी' आणि 'गा बाळांनो श्रीरामायण'. प्रत्येकाच्या आधी कागदावर एकच ओळ लिहा: कोण, कुणाला, कुठे. उदाहरणार्थ, 'विश्वामित्र, दशरथाला, दरबारात.' ही ओळ लिहिता आली नाही तर अजून शब्द वाचायचे बाकी आहेत असं समजा.

रागांची ओळख असेल तर मजा वाढते. सुरुवात भूपात आहे आणि शेवट भैरवीत, म्हणजे अख्खं वर्ष एक मैफल धरून बांधलंय. 'दशरथा घे' भीमपलासात, 'पराधीन' यमन कल्याणात. ओळख नसेल तर या परिच्छेदावरून पुढे जा, काही अडत नाही.

'राम जन्मला ग सखी'त एक ओळ विचारते की दोन प्रहरी सूर्य डोक्यावर का थांबला. त्याआधी वारा सुगंधी असूनही किती उष्ण आहे, असंही म्हटलंय. चैत्रातल्या नवमीला, भर बारा वाजता गच्चीवर उभ्या राहा आणि ती ओळ म्हणा. माझ्या आईने मला तसं उभं केलं होतं. पाय भाजले, पण ओळ कायमची कळली.

'पराधीन आहे जगती' सगळ्यात शेवटी पुन्हा ऐका. चित्रकूटावर राम भरताची समजूत घालतोय. सागरात दोन ओंडके भेटतात आणि लाटेने तुटतात, ही प्रतिमा वाल्मीकींची, अयोध्याकांडातली. गदिमांनी ती उचलली, आणि मराठीत ती इतकी मुरली की अंत्ययात्रेहून परतणारे लोक ती ओळ म्हणतात, मूळ संस्कृत श्लोक ठाऊक नसताना. कडवी बरीच आहेत. एकही पुढे ढकलू नका. समजूत घालायला वेळ लागतो, तेवढा वेळ ते गीत घेतं.

आठवी पायरी: गाऊन पाहायचं असेल तर

पट्टी आपल्या गळ्याची घ्या. बाबूजींच्या पट्टीत गायची हौस पुष्कळांना असते आणि अंतऱ्यात सगळे उघडे पडतात. पेटी आणि तबला पुरतो. सिंथेसायझरवर ठेका लावून 'पराधीन' गाणाऱ्यांना मी हात जोडते.

उच्चारांवर मेहनत घ्या. 'चाकावरती'तला च 'चमचा'तला आहे, 'चंद्रा'तला नाही. 'जरतारी'तला ज आणि 'जिवलगा'तला ज वेगळे. ळ गुळगुळीत करून ल होऊ देऊ नका. स्वर जरा इकडेतिकडे झाला तर बैठकीतले लोक सांभाळून घेतात. 'विथ्थला' म्हटलंत तर पुढचं कुणी ऐकत नाही.

वेळ कमी म्हणून कडवं गाळायचं असेल तर आधी कागद पाहा. 'एक धागा'तलं अंगड्या-शालीचं कडवं गाळलं तर आधीचे 'तीन प्रवेश' हवेत लटकतात. मागे आमच्याकडे एकाने नेमकं तेच गाळलं होतं. आवाज उत्तम होता, टाळ्याही पडल्या. मागच्या खुर्चीवरचे आजोबा मात्र बोटांवर काहीतरी मोजत बसले होते.

पुढच्या महिन्यात आम्ही दुसरी जोडी घेतोय, पी. सावळाराम आणि वसंत प्रभू. येणाऱ्यांनी 'गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का'चे शब्द छापून आणा. वीस प्रती पुरतील, आणि अक्षर जरा मोठं ठेवा, आमच्यात बऱ्याच जणांचे चश्मे जुने आहेत.